उंचावर चढून काय दिले?

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता ६८:१५-२०; इफिसकरांस पत्र ४:७-१३



पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला काही वचने वाटेत अडवून धरतात. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील आठवे वचन त्यांपैकी एक होय. तेथे प्रेषित पौल अडुसष्टाव्या स्तोत्राचा आधार घेतो. त्या स्तोत्रात परमेश्वर विजयी राजाप्रमाणे उंचावर आरोहण करतो, पाडाव केलेल्यांची रांग त्याच्यामागून चालते आणि तो माणसांकडून नजराणे स्वीकारतो. तेथील इब्री क्रियापद 'लाकाख' आहे आणि त्याचा साधा अर्थ 'घेणे' असा आहे. पौल मात्र तेच वचन ग्रीक भाषेत मांडताना 'देणे' हे क्रियापद वापरतो. स्तोत्रातील राजा उंचावर चढून देणग्या घेतो. पौलाचा ख्रिस्त उंचावर चढून माणसांना देणग्या देतो.

हा फरक मिटवून टाकण्याचा मोह भाषांतरकाराला होतो. दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद योजले की वाचक अडखळत नाही. परंतु तसे करणे मूळ लेखकांशी प्रामाणिक राहण्यासारखे नाही. या स्तोत्राचे जे अरामी रूपांतर यहूदी परंपरेने जतन केले आहे, त्यातही 'दिले' असाच अर्थ आढळतो. तेथे वर चढणारा मोशे आहे, आणि वरून मिळालेले नियमशास्त्र तो माणसांच्या स्वाधीन करतो. तेव्हा पौलाच्या लेखणीतून हा शब्द नजरचुकीने उतरला असे मानण्याचे कारण नाही. खऱ्या राजाने जे घेतले ते वाटून देण्यासाठीच घेतले, हे त्याला सांगावयाचे आहे. शिवाय पुढच्याच वचनात तो आपणांस स्मरण देतो की, जो वर चढला तो अगोदर खाली उतरला होता.

आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट करावी. इब्री भाषेतील 'शामाइम' या एकाच शब्दात आकाशही येते आणि स्वर्गही येतो. मराठीत आपल्याजवळ दोन शब्द असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. अग्निबाण जेथे जातो ते आकाश होय. देवाच्या सान्निध्याला आपण जो स्वर्ग म्हणतो तेथे कोणतेही यंत्र पोहोचत नाही. तथापि पौलाच्या क्रियापदाने उभा केलेला प्रश्न चढणाऱ्या प्रत्येकाला विचारता येतो: तू उंचावर चढलास, तेव्हा घेतलेस की दिलेस? आपल्या काळात आकाशात चढण्याचे दोन मार्ग झाले आहेत. एक धनवंतांनी आपल्या पैशाने आपल्यासाठी खुला केलेला. दुसरा जनतेच्या पैशाने व जनतेच्या नावाने चाललेला. या दोहोंकडे आपण या वचनाच्या प्रकाशात पाहू या.

तिकीट काढून आकाशात

२८ एप्रिल २००१ रोजी डेनिस टिटो नावाचे अमेरिकन उद्योजक रशियाच्या सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले. या प्रवासासाठी त्यांनी सुमारे २ कोटी डॉलर मोजले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. स्वतः भाडे भरून अंतराळात जाणारे ते पहिले प्रवासी मानले जातात. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियाच्या अंतराळ कार्यक्रमाला पैशाची निकड होती, आणि यानातील आसन विकणे हा त्यावरील एक उपाय ठरला. जे यान एका राष्ट्राच्या जनतेने आपल्या घामातून उभे केले होते, त्यातील जागेला अशा रीतीने बाजारभाव आला.

त्यानंतर वीस वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने दोन धनिक आपापल्या कंपन्यांच्या यानांतून वर गेले. ११ जुलैला रिचर्ड ब्रॅन्सन सुमारे ८६ किलोमीटर उंचीवर जाऊन आले. २० जुलैला, चंद्रावर पहिले पाऊल पडल्याच्या वर्धापनदिनी, जेफ बेझोस १०० किलोमीटरच्या वर जाऊन आले. त्यांचे उड्डाण सुमारे दहा मिनिटांचे होते. त्या उड्डाणातील एक आसन लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेले. त्या रकमेतून पुढे एकोणीस सेवाभावी संस्थांना प्रत्येकी १० लाख डॉलर देण्यात आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. जमिनीवर परतल्यावर बेझोस यांनी आपल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे व ग्राहकांचे आभार मानले आणि या सर्वाचा खर्च तुम्हीच उचलला आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या उद्गारांवर जगभर टीका झाली.

मला वाटते, ते उद्गार सत्याला धरून होते. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो की, हे धन मी आपल्याच हाताच्या बळाने मिळवले असे मनात आणू नका. कोणाचीही संपत्ती केवळ त्याच्या हाताने उभी राहत नाही. गोदामात पेट्या उचलणारा, गाडी हाकणारा, दुकानात दोन पैसे ठेवणारा गिऱ्हाईक, अशा असंख्य हातांनी ती उभी राहते. अडचण आभार मानण्यात नव्हती. ज्यांनी खर्च उचलला त्यांना अगोदर कोणी विचारले नव्हते, आणि नंतर हिशेब मागण्याची जागाही त्यांना नव्हती, ही अडचण होती. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान शेतकऱ्याचा दृष्टांत आठवा. त्याच्या बोलण्यात 'माझे' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. आणि हे सर्व तो कोणाशी बोलतो? स्वतःशीच. त्याच्या संभाषणात दुसरा मनुष्यच नाही. प्रथम दुसरा आवाज येतो तो देवाचा, आणि तो रात्री येतो.

बेथानीतील सुगंधी तेल

परंतु येथे घाईने निवाडा करणे बरे नव्हे. एवढा पैसा गोरगरिबांना दिला असता तर किती बरे झाले असते, हा आक्षेप आपल्या ओठांवर चटकन येतो. तो कोणी घेतला होता, हे ध्यानात ठेवावे. बेथानी येथे एका स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर मोलवान सुगंधी तेल ओतले, तेव्हा जवळ बसलेल्यांनी तीनशे दीनारांचा हिशेब मांडला. एका मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी! प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. तेव्हा मोठा खर्च म्हणजे उधळपट्टीच, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. मात्र त्या तेलाविषयी एक गोष्ट पाहावी: ते तिने स्वतःवर ओतले नाही.

आकाश पाहून मनुष्याला वाटणारे आश्चर्य हेही देवाचे दान आहे. आठव्या स्तोत्राचा कर्ता चंद्र व तारे पाहून मनुष्याच्या क्षुद्रतेने आणि थोरवीने एकाच वेळी विस्मित होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विल्यम शॅटनर हे अभिनेते वयाच्या नव्वदाव्या वर्षी बेझोस यांच्या कंपनीच्या यानातून वर गेले. परत आल्यावर त्यांना रडू आवरेना. वरचा काळोख व खाली पृथ्वीभोवती दिसणारा हवेचा पातळ थर पाहून आपल्या मनाला शोकाने घेरले, असे त्यांनी पुढे सांगितले. पैसे भरून वर जाणारा मनुष्य केवळ करमणूक घेऊन परततो, असे सरसकट म्हणता येत नाही.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट दुसरी आहे. बेझोस यांच्याबरोबर वॉली फंक या ८२ वर्षांच्या वैमानिक बाई होत्या. १९६१ साली त्यांनी व इतर काही स्त्रियांनी अंतराळवीरांसाठी असलेल्या वैद्यकीय चाचण्या यशस्वीपणे दिल्या होत्या, तरी सरकारी कार्यक्रमात स्त्रियांना तेव्हा प्रवेश मिळाला नाही. तसेच १९ मे २०२४ रोजी एड ड्वाइट वर गेले. साठच्या दशकाच्या आरंभी अंतराळवीर होण्यासाठी प्रशिक्षण घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन वैमानिक होते. परंतु त्यांची निवड झाली नाही. नव्वदाव्या वर्षी त्यांना जे आसन मिळाले ते एका खासगी कंपनीच्या यानात, आणि त्याचा भार एका सेवाभावी संस्थेने उचलला. त्याच उड्डाणात आंध्र प्रदेशात जन्मलेले गोपीचंद थोटाकुरा हे भारतीय प्रवासीही होते. ज्या दारावर जनतेचे नाव होते ते या दोघांना बंद झाले, आणि धनवानाचे दार साठ वर्षांनी उघडले. सरकारी ते सर्व पवित्र आणि खासगी ते सर्व अपवित्र, अशी सोपी विभागणी करणाऱ्याने या दोन वृद्धांच्या चेहऱ्यांकडे पाहावे.

थुंबा येथील चर्च

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. त्याचा आपल्या देशातील आरंभ एका चर्चमध्ये झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण आपल्या मुलांना ते ठाऊक आहे काय?

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळात तिरुवनंतपुरमजवळील थुंबा या मच्छीमार वस्तीच्या जवळून जाते. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारे अग्निबाण सोडण्यास ती जागा फार सोयीची होती. तेथे पवित्र मरीया मग्दालिया हिच्या नावाचे चर्च होते, बिशपांचे निवासस्थान होते आणि कोळी कुटुंबांची घरे होती. डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, बिशपांनी हा प्रश्न रविवारच्या उपासनेत मंडळीपुढे ठेवला आणि मंडळीने आमेन म्हणून संमती दिली. कुटुंबे नव्या जागी राहावयास गेली. उपासनेची जागा कार्यशाळा बनली आणि बिशपांचे घर कचेरी बनले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला. तो अमेरिकेने दिलेला होता. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ते केंद्र संयुक्त राष्ट्रांना समर्पित केले, म्हणजे सर्व राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांना तेथे येण्याची वाट खुली केली. ती चर्चची इमारत आज अंतराळ संग्रहालय म्हणून उभी आहे.

त्या चर्चच्या नावाकडे माझे मन पुन्हा पुन्हा वळते. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत प्रभू मरीया मग्दालियेला भेटला आणि तो पित्याकडे वर जाणार असल्याचा निरोप त्याने प्रथम तिच्याच हाती दिला. त्या वेळी त्याने तिला जे सांगितले त्यातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'हात लावणे' असाही होतो व 'धरून राहणे' असाही होतो. पुष्कळ भाष्यकारांना दुसरा अर्थ अधिक योग्य वाटतो: मला धरून राहू नकोस, भावांकडे जा आणि सांग. तिच्या नावाच्या मंडळीने आपली वेदी, आपले घर आणि आपल्या पूर्वजांची भूमी धरून ठेवली नाही. किनाऱ्यावरील त्या कोळ्यांना आकाशात जावयाचे नव्हते. त्यांनी पायाखालची वाळू दिली, आणि देशाला आकाशाची वाट मिळाली.

त्या वाटेने वर गेलेले खाली काय घेऊन आले? साराभाईंनी आरंभीच सांगितले होते की, धनवान राष्ट्रांशी चंद्राची शर्यत लावणे हा भारताचा हेतू नाही. प्रगत विज्ञान समाजाच्या खऱ्या अडचणींसाठी वापरण्यात आपण कोणाच्या मागे राहू नये. १९७५-७६ साली अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे दूरदर्शन कार्यक्रम दाखवण्यात आले. ज्या गावांत रस्ता धड नव्हता तेथे आकाशातून शिक्षक आला. पुढे आपले स्वतःचे उपग्रह हवामानाची चित्रे पाठवू लागले. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन नावाचे तीव्र चक्रीवादळ त्याच राज्यावर आले. या वेळी सुमारे दहा लाख लोकांना अगोदरच सुरक्षित जागी हलवण्यात आले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. याचे श्रेय केवळ उपग्रहाला नाही. निवाराघरे बांधणारे, रात्री दारोदार जाऊन लोकांना उठवणारे, रडारसमोर बसलेले, सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु वरून पाहणारा डोळा नसता तर या सर्वांना वेळ कोठून मिळाला असता? उंचावर चढून देणे म्हणजे काय, याचे हे एक उदाहरण होय. ज्या आईचे लेकरू त्या रात्री वाचले तिने कधी तिकीट काढले नव्हते.

सार्वजनिक पैसा निर्दोष असतो काय?

तरीही येथे थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होईल. बाबेलचा बुरूज एका धनवानाने बांधला नव्हता. सर्व लोकांनी मिळून विटा भाजल्या होत्या. त्यांचा हेतू आपले नाव करणे हा होता, असे उत्पत्तीचा अकरावा अध्याय सांगतो. पुढच्याच अध्यायात देव अब्रामाला सांगतो की, तुझे नाव मी मोठे करीन आणि पृथ्वीवरील सर्व कुळे तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील. एकीकडे स्वतःसाठी केलेले नाव आहे. दुसरीकडे इतरांच्या आशीर्वादासाठी मिळालेले नाव आहे. राष्ट्रेही पहिल्या प्रकारच्या नावासाठी आकाशाकडे धावू शकतात. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या शर्यतीत विज्ञानाइतकीच प्रतिष्ठा व युद्धाची भीतीही होती.

१५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, पाळक राल्फ ॲबरनथी काही गरीब कुटुंबांना व खेचरांच्या गाड्यांना घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्राजवळ आले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या चळवळीची धुरा या पाळकांनी वाहिली होती. लोक उपाशी असताना चंद्रावर एवढा खर्च का, हा त्यांचा प्रश्न होता. अंतराळ संस्थेचे प्रमुख टॉमस पेन उघड्या मैदानात त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. उद्याची कळ न दाबल्याने गरिबी दूर होणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ॲबरनथी यांनी आपला आक्षेप मागे घेतला नाही, आणि तरीही अंतराळवीरांच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी मानाची जागा देण्यात आली. भूक त्या दिवशी मिटली नाही. परंतु प्रश्न विचारता आला, आणि उत्तर देण्यास बांधलेला मनुष्य समोर आला.

असाच प्रश्न आपल्या देशातही विचारावा लागला. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ केरळ व तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वेगाने तीव्र झाले. तेव्हा कित्येक होड्या अगोदरच समुद्रात दूरवर गेल्या होत्या. इशारा निघाला, पण किनाऱ्यापासून दूर असलेल्यांना तो वेळेवर पोहोचला नाही. शेकडो मच्छीमार मरण पावले किंवा परत आले नाहीत. त्यांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुष्कळ होते, म्हणजे ज्या किनाऱ्याने आपले चर्च देऊन आकाशाची वाट खुली केली, त्याच किनाऱ्याचे. कुटुंबे व त्यांच्या मंडळ्या शोक करीत बसल्या नाहीत. त्यांनी शासनाला जाब विचारला. त्यानंतर दूर समुद्रातही उपग्रहाद्वारे इशारा मिळावा अशी साधने तयार करण्यास वेग आला, आणि २०१९ साली 'जेमिनी' नावाचे असे एक साधन मच्छीमारांसाठी पुढे आले. मेलेले परत आले नाहीत. तथापि हे ऋण आहे आणि ते मागता येते, एवढे तरी त्या विधवांनी देशाला शिकवले.

माझ्या मते दोन मार्गांमधील मुख्य भेद येथे आहे. सार्वजनिक काम आपोआप पवित्र होत नाही. ते गर्वाने चालू शकते, अन्यायाने चालू शकते, गरिबाला विसरू शकते. परंतु ज्याच्या पैशाने ते चालते तो, मग तो काडेपेटीवर कर भरणारा का असेना, त्याला कारभाऱ्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार असतो. लूकच्या सोळाव्या अध्यायातील धन्याप्रमाणे तो म्हणू शकतो की, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. खासगी धनाने चढणारा मनुष्य दिले तर आपल्या खुशीने देतो, न दिले तर त्याला विचारणारा पृथ्वीवर कोणी नसतो. त्याचे दान चांगले असू शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये एका धनिकाने पृथ्वीभोवती तीन दिवसांचा प्रवास केला, तेव्हा त्या निमित्ताने कर्करोगग्रस्त मुलांच्या रुग्णालयासाठी २० कोटी डॉलरहून अधिक निधी जमला. त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण मुलांच्या औषधासाठी धनिकाच्या उड्डाणाची वाट पाहावी लागू नये, हेही म्हणावे.

रेषा पुसट झाली तरी प्रश्न उरतो

आज हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले आहेत. २५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले. १९८४ साली राकेश शर्मा वर गेले त्यानंतर ४१ वर्षांनी भारताच्या वतीने अंतराळात जाणारे ते पहिले अंतराळवीर. अग्निबाण एका खासगी कंपनीचा, मोहीम दुसऱ्या खासगी कंपनीची, आणि आसनाचा खर्च आपल्या सरकारी तिजोरीचा. उलट, त्या खासगी कंपनीच्या वाढीला अमेरिकन जनतेच्या पैशातून मिळालेल्या कंत्राटांचा मोठा आधार होता. एकदा वापरलेला अग्निबाण पुन्हा वापरण्याची युक्ती तिने साधली आणि उपग्रह वर नेण्याचा खर्च कमी केला, हाही लाभच होय. शुक्ला यांनी वर मेथी व मूग रुजवून पाहिले, आणि खाली शाळेतील मुलांशी ते बोलले. १५ जुलैला ते परतले. या प्रवासाला काय म्हणावे, खासगी की सार्वजनिक?

नावावरून निवाडा करता येणार नाही. म्हणूनच पौलाचे क्रियापद उपयोगी पडते. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रांनी मान्य केले आहे की, अंतराळाचे संशोधन व उपयोग सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, आणि कोणत्याही राष्ट्राने आकाशातील गोलावर मालकी सांगू नये. ११५ व्या स्तोत्राची शिकवण याहून जुनी आहे: आकाश परमेश्वराचे आहे, आणि पृथ्वी त्याने मानवजातीला सोपवली आहे. मानवजातीला, असे तेथे आहे. तिच्यातील काहींना, असे नाही. तेव्हा चढणारा सरकारी असो वा खासगी, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ही वाट कोणाच्या हातांनी तयार झाली? वरून आणलेले ज्ञान कोणाच्या घरी पोहोचले? आणि तुला हिशेब कोण विचारू शकतो?

आपल्या मंडळ्यांसाठी

हे प्रश्न दूरच्या धनिकांना विचारून आपण मोकळे होऊ नये. आपल्यातही उंचावर चढणे असते. कोणी पवित्र भूमीच्या यात्रेस जातो. जरूर जावे, पण परत आल्यावर मंडळीला त्याने छायाचित्रांखेरीज काय दिले? कोणी मंडळीच्या शिष्यवृत्तीवर शिकून मोठ्या हुद्द्यावर चढतो. तो ज्या गावच्या रविवारच्या शाळेतून गेला तिच्या गळक्या छपराकडे त्याने कधी मागे वळून पाहिले काय? मंडळीचे अधिकारपद हीदेखील एक उंची आहे. तेथे बसलेल्याला वार्षिक सभेत एखाद्या वृद्ध बाईने जमाखर्च विचारला, तर तो रागावतो की वही उघडतो?

आणि भूमीविषयी एक कठीण शब्द बोलणे भाग आहे. मिशनरी काळात मिळालेल्या जमिनी व इमारती आपल्या पुष्कळ ठिकाणच्या मंडळ्यांजवळ आहेत. शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांसाठी त्या दिल्या गेल्या होत्या. त्यांतील काही आज कोर्टकज्ज्यांत अडकल्या आहेत, काही कोणाच्या तरी खासगी लाभासाठी हातावेगळ्या झाल्या आहेत, आणि मंडळीला त्याचा पत्ता फार उशिरा लागला आहे. थुंबाच्या कोळ्यांनीही आपली भूमी दिली. त्यांना उपासनेच्या वेळी उघडपणे विचारले गेले, त्यांनी उघडपणे आमेन म्हटले, आणि जे दिले ते सर्वांच्या कामी आले. या दोन प्रकारच्या देण्यांत केवढे अंतर आहे! आपल्या पंचमंडळीने पुढच्या वेळी अशा कागदावर सही करण्यापूर्वी थुंबाची आठवण ठेवावी.

प्रिय वाचकहो, आपल्या मुलांना आकाशाकडे पाहण्यास शिकवा. त्यांच्यातून शास्त्रज्ञ व्हावेत, अंतराळवीरही व्हावेत. वर जाणाऱ्यांसाठी, ते तिकीट काढून गेले असोत वा देशाच्या नावाने, ॲबरनथी यांच्यासारखी प्रार्थना करा आणि त्यांच्यासारखाच प्रश्नही विचारा. आपला कर प्रामाणिकपणे भरा, आणि त्याचा हिशेब मागण्यास संकोचू नका. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांना देवाचे सेवक म्हटले आहे, आणि सेवकाला कामाचा जाब द्यावा लागतोच.

प्रभूचे स्वर्गारोहण झाले तेव्हा शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहिले. शुभ्र वस्त्रे घातलेल्या दोघांनी त्यांना त्या पाहण्यातून जागे केले. मग ते जैतूनाच्या डोंगरावरून यरुशलेमेस परतले. त्या गावात भुकेलेले होते, विधवा होत्या, दाराशी बसलेला पांगळा होता. वर चढलेल्या प्रभूने दिलेली देणगी त्यांना तेथेच मिळाली, आणि तेथेच त्यांनी ती वाटली. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय सांगतो की, त्यांच्यातील कोणीही आपल्या मालमत्तेला आपल्यापुरते राखले नाही. जो आपल्यासाठी खाली उतरला आणि मग उंचावर चढला, त्याचा तो आत्मा आपणांस घेणारे हात उघडण्यास बळ देवो. आमेन.